दीड वळसा कमी

गॅरेजमधला हीटर नुसता घरघरतो, ऊब बेताचीच.
ईरीच्या तळ्यावरचा वारा शटरखालून शिरतो,
फरशीवरचा लोखंडाचा कीस हलवून जातो.
बेंचवर जुना टॉवेल, टॉवेलवर बंदूक,
सांधा न् सांधा सुटी केलेली:
बोल्ट, हॅमर, स्प्रिंग, तीन ओ-रिंगा,
त्यातली एक चिरलेली.

पेंटबॉलची. सेकंडहँड, चाळीस डॉलर.
आधीच्या मालकाने तिच्यावर ज्वाळा रंगवल्या होत्या;
रोवेनाने पॉलिशपेपरने सगळ्या उतरवल्या,
एक ठेवली, ट्रिगरजवळची.
का, ते मी विचारलं नाही.

माझी तीस वर्षं लेथवर गेली.
केसाच्या दहाव्या भागावरून आम्ही हमरीतुमरीवर यायचो.
म्हणून ती जेव्हा म्हणाली, डॅड, हिचं जरा बघ ना,
मला वाटलं, जोर वाढवायचा.
दांडीला कापड गुंडाळून नळी आतून घासली,
बोल्ट इतका उजळला की त्यात माझं नाक दिसलं.
ट्रिगर कानशीने उतरवला
तिच्या डाव्या तर्जनीच्या मापाने.
मग ड्रॉवरमधली जाड स्प्रिंग काढली.

ती नको.
आहे तीच काप.

गेल्या रविवारी, पाल्युकाच्या शेतात,
ड्रमाच्या आडून, सहा फुटांवरून
तिने कीगनच्या मानेवर नेम धरला होता.
तो हसला म्हणे.
सोमवारी बसमध्ये मात्र कॉलर वर करून बसला,
आणि कॉलर घसरली तेव्हा तिने पाहिलं:
नाण्याएवढं जांभळं, मधोमध पांढरं.
हे सगळं तिने शेगड्याला सांगितलं,
म्हणजे बेंचवरच्या व्हाइसला. माझ्याकडे बघितलंच नाही.

दीड वळसा कापला.
तुकडा टण्णकन उडाला, फ्रीझरमागे गेला.

परसात बर्फ. कुंपणाला टेकवलेलं प्लायवूड.
पहिली गोळी आळसावल्यासारखी निघाली,
फळीला टेकली, फुटलीच नाही,
अख्खीच्या अख्खी, पिवळी, बर्फात पडली.
आमच्या कारखान्यात हा माल रिजेक्ट झाला असता.

न फुटलेली गोळी खेळात धरत नाहीत, मी म्हणालो.
माहीत आहे, ती म्हणाली,
आणि वाकून तिने ती उचलली, पुसली, कोटाच्या खिशात टाकली.

बुधवारी धुण्यात कोट गेला.
बायकोचे रुमाल, माझे मोजे, उशांचे अभ्रे,
सगळं पिवळं.
जेवताना कोणीच काही बोललं नाही.
रोवेनाने मला मीठ दिलं, न मागता.