वाळपई फीडर

डॉक्टर म्हणाले, तारेवरचं आवरण झिजतं ना, तसं काहीसं—
मी म्हटलं, साहेब, तार मला शिकवू नका.
वीज खात्यात सव्वीस वर्षं खांबावर काढली.
आवरण गेलेली तार कशी बोलते, ठाऊक आहे मला:
ओल्या हवेत सुरसुरते,
काजऱ्याच्या फांदीला टेकली की निळी होते,
आणि तिसऱ्या वाडीत कुणाच्या तरी घरात
दिवा उगाच मिचकतो.
माझा डावा पाय तसा मिचकत होता.
दोष इथे, अंधार तिथे.

आता मंगळवार आणि शुक्रवार, बांबोळी.
तळमजला, एसी सोळावर,
कारण उष्मा मला सोसत नाही.
अंघोळीचं ऊन पाणीसुद्धा
पायांतला करंट काढून घेतं.
रोझिता टोपी चढवते, काळी, घट्ट,
चोवीस बटणं, चोवीस वायरी.
मी मोजल्या. सवय.
न दिसणारा तांबडा उजेड हाडातून आत जातो म्हणे,
आणि परत येऊन सांगतो
रक्त कुठे धावलं.
‘सवकास हां, पात्रांव,’ ती म्हणते,
आणि पायाखालचा पट्टा सरकू लागतो.

पहिल्या दिवशी पडदा पाहिला.
कपाळामागे सगळं लालभडक.
‘हे काय?’
‘तुम्ही चालताय.’
खांब उभा करताना पाहिलाय मी:
आठ माणसं, चार दोर, एकाचा ओरडा,
खड्ड्यात दगड लोटणारा पोर वेगळा.
इथे एका टाचेसाठी
तेवढी गँग कामाला लागली होती,
आणि टाच फरफटतच आली.

मग ती म्हणाली, चालता चालता शंभरातून सात वजा करा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
एकोणऐंशीला दांडी धरली.
‘दुसरं काही मोजू?’
‘मोजा.’
मी फीडर धरला:
नगरगाव, धावे, कोपार्डे, ठाणे,
हिवरे, चरावणे, गोळावली, रिवे.
कुठल्या खांबाला मुंग्या, कुठल्या बुंध्याशी घोणस,
चरावण्याला कोणाच्या अंगणात ताक मिळतं.
पट्टा संपला तेव्हा मी डोंगराच्या पलीकडे होतो.

घरी गोठ्यापासून पंपापर्यंत एकतीस पावलं.
शेवंती भिंतीवर कोळशाने रेघा ओढते,
मी चिडलो की दोन जास्त.

बारा आठवडे झाले. टोपी पुन्हा, पडदा पुन्हा.
लाल कुठेच नाही,
कडेला थोडा पिवळा, बाकी निजलेलं.
माझ्या पोटात गोळा आला.
म्हटलं, गेली का सप्लाय?
रोझिता हसली. ‘उलट. आज कोणाला उठवावं लागलं नाही.’

एवढं मला कळतं.
रात्री अडीचला सबस्टेशनात
सुई खाली येते,
आणि ऑपरेटर खुर्चीत पाय पसरतो,
कारण लोड उतरला म्हणजे
सगळे आपापल्या घरी,
दारं लावून झोपलेले.
मी ती सुई किती वर्षं पाहिली,
आणि आपल्या डोक्यात पाहून घाबरलो.

परतताना होंड्याला लाइट गेलेली.
माझं काम नाही आता, तरी मान वर गेली,
खांबाखांबावरून नजर चालली.
वाळपईच्या स्टँडवर बस थांबली,
मी उतरलो, शेवंती मागे डबा घेऊन,
एक, दोन, तीन पावलं,
आणि मग लक्षात आलं
की मी मोजत नव्हतो.

लक्षात आलं तिथेच डावा पाय अडला.
तिने कोपर धरलं.
‘काय झालं?’
‘काही नाही,’ म्हटलं, ‘गँगला उगाच हाक मारली.’
तिला काही कळलं नाही.
आम्ही उभे राहिलो थोडा वेळ,
शहाळीवाल्याच्या कंदिलाशी,
सगळे पुन्हा झोपेपर्यंत.