गळ्याखालची पिशवी

पहाटे साडेचारला, कंपनीची बस यायच्या आधी,
मी कारभारणीचा गळा चाचपतो.
रात्रीत रिकामी व्हायला हवी होती ती पिशवी.
नाही झाली.
काल लिंबाएवढी होती, आज मोसंबीएवढी,
आणि टणक.

दोन रियालला आणलेली, सोहारच्या शुक्रवारच्या बाजारातून,
पाय बांधून, उलटी लटकवून.
तशातही टॅक्सीत तिनं अंडं घातलं.
टॅक्सीवाल्यानं ते भाड्यात वळतं करून घेतलं.
नाव तेव्हाच पडलं.

आता मजीसच्या या अंगणात
एसीच्या ठिबकत्या नळीखाली
ती मान ताणून उभी असते, चोच अर्धी उघडी,
काही सांगायला आल्यासारखी
आणि मग सांगत नाही.

सुलभा फोनवर म्हणाली, साखरप्याहून,
"कापून टाका की. सुट्टी आहेच शुक्रवारी."
बघू, म्हटलं.
अठरा वर्षं तुंबलेले पाइप मोकळे करतोय.
एवढं कळतं की दाब वाढवून तुंबा सुटत नाही,
सांधा फुटतो.

मग खाणं बंद. नुसतं पाणी.
खोबरेलाचे चार थेंब, ड्रॉपरनं, चोचीच्या कडेनं,
एक गिळला की दुसरा.
आणि दोन बोटांनी हलकं चोळणं, दिवसातून चारदा,
मी शिफ्टला असलो की हरिंदरकडून.
उलटी धरून झटकायची नाही.
हे मौजाबाईंनी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं.

मौजाबाई घरमालकीण.
माझं अरबी पगाराच्या स्लिपेपुरतं,
त्यांचं हिंदी सिनेमापुरतं.
त्या आल्या, फतकल मारून बसल्या, तिला मांडीवर घेतलं,
चोचीशी नाक नेऊन वास घेतला,
आंबूस नाही, हे बरं,
आणि गोळ्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हौसला."

मला वाटलं धीर देतायत.
हो हो, म्हटलं, हौसला ठेवायचाच.
त्या वैतागल्या.
बोट पुन्हा तिथंच. हे. हे. हौसला.

पिशवीचंच नाव ते.

म्हणजे ट्रकांच्या पाठीवर लिहिलेला,
डोंगरीच्या एजंटानं पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकता टाकता
खांदा थोपटून मला ठेवायला सांगितलेला,
तो हा.
घाईघाईत गिळलेलं साठवायची जागा.
दळण नंतर, खाली, निवांतपणे.

रात्री सहज माझाही हात गळ्यावर गेला.
घाम होता, बाकी काही नाही.
ओव्हरटाइम बंद झालाय मे महिन्यापासून.
जानेवारीची रजा नामंजूर.
आणि श्रीधरनची बॅग आम्ही तिघांनी भरली
त्याच्या भावाकडे पाठवायला,
त्यात एक नवाकोरा फ्रॉक होता, किंमतीच्या चिठ्ठीसकट.
यातलं घरी काहीच बोललेलो नाही.

तिसऱ्या दिवशी गोळा कणकेसारखा झाला.
चौथ्या दिवशी फोरमन म्हणाला,
काय रे, डोक्याला तेल थापून येतोस?
पाचव्या दिवशी शिटेत खजुराच्या खोडावरचे तंतू,
काथ्यासारखे, बोटभर लांब.
मौजाबाईंना दाखवायला कागदावर घेतले.
त्यांनी कागदासकट फेकायला लावले, दूर.

आज पिशवी सैल.
महिनाअखेरच्या पाकिटासारखी.
दह्यात कुस्करलेला खुबूस दिला, चिमूटभरच,
तर बाईसाहेब माझ्या अंगठीवर टोचा मारतात, अजून आण.

फोन वाजला.
"काय म्हणते कोंबडी?"
मोकळी झाली, म्हटलं.
थांबलो.
ऐक ना, म्हटलं, जानेवारीचं जमत नाहीये.

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज.
मग काहीच नाही बराच वेळ.
बसचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी.
खाली कारभारीण माझ्या बुटाची नाडी
अर्धी गिळून बसलेली.
फोन कानाशी तसाच धरून
मी वाकलो, आणि हळूहळू
ती सोडवून घेतली.