शांत

मार्केट यार्डात तीस वर्षं मी हळद बघतोय.
वरून सगळीच पिवळी असते, पॉलिश केलेली.
मी कांडी मोडतो, कट्‌ ऐकतो,
आतला रंग नखानं खरवडतो
आणि मग भाव बोलतो.
सांगलीत माझ्या नखावर व्यापारी विसंबतात.

आणि स्वतःच्या घरात आठ महिने
मी वरूनच बघत होतो.

एजन्सीचा मुलगा नीटनेटका. इस्त्रीचा शर्ट,
दाराशी चपला ओळीत.
वही रोज भरायचा:
सकाळी नाष्टा केला. शांत.
दुपारी जेवला. शांत.
संध्याकाळी शांत.
मी शेजारी सांगायचो, भरतेश किती सुधारला.
तेवीस वर्षांचं पोर, रिक्षाचा हॉर्न ऐकला
की गॅलरीतून हाका मारणारं,
ते गप्प झालं
आणि मला बरं वाटलं.

एका मंगळवारी सौदा लवकर सुटला.
टीव्ही चालू. तो माणूस मोबाईलवर.
भरतेश पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.
पायजमा ओला, आणि ते ओलं आत्ताचं नव्हतं.
कुणी मारलं नव्हतं. उपाशीही नव्हता.
फॉर्म भरायचा झाला असता
तर प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण आली असती.

मग मिरजेहून शमशादभाभी यायला लागल्या.
पहिल्या दिवशी मला काही विचारलं नाही.
दोन शर्ट हातात धरून त्याच्यासमोर उभ्या:
निळा का पांढरा?
मी म्हटलं, त्याला कळत नाही हो.
म्हणाल्या, मला थांबता येतं.

थांबल्या.
बाहेर दूधवाला येऊन गेला.
निळा.

पाच बटणं, अकरा मिनिटं.
माझे हात शिवशिवत होते, त्यांचे मांडीवर होते.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-बटाटा नाही,
हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.
त्याला चमचा धरायला वेळ लागतो
म्हणून साडेपाचलाच ताट वाढतात.
घाई त्याला नाही, सूर्याला असते, म्हणतात.

वही मी आता रात्री चष्मा लावून वाचतो.
‘आज वाटी फेकली. चूक माझी. न विचारता चॅनल बदलला.’
‘अंघोळीला नको म्हणाला. अर्ध्या तासानं हो म्हणाला. मध्ये काही बोलले नाही.’
‘हरिपूरच्या रस्त्याला चिंचा वेचल्या. एक मला दिली.
एक पप्पांसाठी खिशात आहे. आठवणीनं मागा.’
मागितली.
होती, रुमालाच्या धाग्यांत गुंडाळलेली.
दात आंबेपर्यंत खाल्ली.

एकदा मी विचारलं, भाभी, माझ्यामागं कसं होणार?
त्या भेंडी चिरत होत्या. म्हणाल्या,
ते मला माहीत नाही.
पण चहा कसा करायचा ते त्याला पावसाळ्याआधी येईल.
पगाराचं पाकीट देताना दर महिन्याला
हे वाक्य मला आठवतं, आणि पाकीट हलकं वाटतं.

ईदला त्या येत नाहीत.
मला दहाच्या सौद्याला पोचायचं होतं.
मी भराभर त्याच्या शर्टाची बटणं लावली, पाचही,
कॉलर सरळ केली, झालं म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग वरचं काढलं. त्याच्या खालचं काढलं.
पाचही काढली,
आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मी पिशवी खाली ठेवली.
फोन वाजत होता, वाजू दिला.
माझे हात कुठं ठेवायचे ते मला सुचेना,
शेवटी मांडीवर ठेवले.

त्या दिवशीची नोंद माझ्या अक्षरात आहे:
तिसरं बटण चुकलं, त्याचं त्यानंच ओळखलं.
सौदा हुकला.
पुढं सवयीनं ‘शांत’ लिहिलं,
ते खोडलंय.
गॅलरीत उभा राहून तो
येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांना हाका मारत होता.