ओमोशी

पिंपात धुरावर सुकवलेले मुळे,
मुळ्यांवर मीठ आणि तांदळाचा कोंडा,
कोंड्यावर फळी, फळीवर दगड.
त्या दगडाला आमच्याकडे ओमोशी म्हणतात.
बाबांच्या बाबांनी नदीतून उचलून आणलेला.
तो काही करत नाही, नुसता बसतो,
आणि त्याच्या बसण्यावर आमचं घर चालतं.

तेच नाव मी याला दिलं, अंडं फुटलं त्या रात्री.
खेळात अंडं फुटायला पाच हजार पावलं लागतात.
मी अंगठ्यानं चाललो,
पुलावरून पलीकडे, पुलावरून अलीकडे,
बाहेर योकोते गावात खिडकीच्या वर बर्फ
आणि रजईच्या मेजाखाली शेगडीशी माझे पाय.

आधी एकेचाळीस निघाली.
कुणी तापट, कुणी उतावळं,
एक तर जन्मतःच शिंगं रोखून.
सगळी रानात सोडली.
सोडताना ती एकदा वळून बघतात.
खेळ बनवणाऱ्यानं हे कशाला ठेवलं असेल?

बेचाळिसावं ढिम्म.
डोळे उघडले, मला पाहिलं, मिटून घेतले.
म्हटलं, हाच.

त्याला चारच गोष्टी येतात:
आक्रसून घेणं, काटे पेरणं,
जांभई देऊन समोरच्याला पेंग आणणं,
आणि पाठीवरच्या शेवाळातलं दव पिऊन पुन्हा होता तसा होणं.
टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो.
हा सोसतो आणि दगडच राहतो.
वर्गातला किरिहितो चिडून म्हणाला,
तुझ्याशी खेळणं म्हणजे भिंतीशी भांडणं.
पुन्हा आला नाही.

भिंत मी त्याच्यासाठी बांधलीच नव्हती.

मित्सुयोताई सेंदाईला असते.
इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी.
पिंपं तिनं सांभाळायची असं ठरलं होतं;
ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.
बाबा एक वाक्य बोलले, ती एक वाक्य बोलली,
त्याला आता दोन हिवाळे झाले.

शुक्रवारी साडेनऊला यादीत तिच्या नावापुढे
हिरवा ठिपका लागतो.
तिचं आगीचं अस्वल आहे, नाव ठेवलंय पगार.
पूर्वी माझ्याकडे वीजमांजर होतं.
तीन फेऱ्या, फार तर चार,
कुणीतरी मरायचं, ठिपका विझायचा.
झोप हं, एवढंसुद्धा नाही.

म्हणून पाच हजार पावलं. बेचाळीस वेळा.

परवा पगारनं जाळलं, ओमोशी आक्रसला.
पगारनं झोडपलं, ओमोशी दव प्यायला.
पगारला जांभई, पगार पेंगला, उठला, पुन्हा पंजा.
विसाव्या फेरीला बाबा आत आले,
स्वेटरला धुराचा वास,
गुडघ्यावर हात ठेवून बसले माझ्या मागे.

हे अस्वल तिचं?
हो.
जोरात मारतंय.
हो.

बराच वेळ काही नाही. शेगडीची टिकटिक.
मग पडद्याकडेच बघत:
जेवते का वेळेवर?

या खेळात शब्द पाठवता येत नाहीत.
आठ चित्रं आहेत फक्त,
हसरं तोंड, रडकं तोंड, मूठ, फूल, असली.
त्यात एक वाफाळता भाताचा वाडगा.
मी तो पाठवला.

अकरा सेकंद गेले.
मी मोजले, कारण पडद्यावर घड्याळ असतं.
मग तिच्याकडून वाडगा आला. मग पुन्हा एक वाडगा.
मग चुकून असावी, मूठ.

बाबा म्हणाले, हं.
उठले, पडवीत गेले.
पिंपावरचा दगड उचलल्याचा आवाज आला,
आणि बऱ्याच वेळानं
ठेवल्याचा.

सदतिसावी फेरी.
पगारचे सगळे डाव संपत आलेले,
आणखी दोन, की मग तो स्वतःलाच ओरबाडणार.
ओमोशीला कुठे साधा ओरखडाही नव्हता.
तरी मी त्याला दव प्यायला लावलं.