नवतोड

कुलर बंद आहे. कागदांना ओल सोसत नाही म्हणे.
माणसांना घाम सोसतो.
"व्हॅलिडिटीसाठी का, बाई?" खिडकीतला विचारतो.
नागपूरच्या या कचेरीत सगळे त्यासाठीच येतात.
मी म्हणते, नाही, सहज.
तो अर्जावरचं कोर्ट फीचं तिकीट
पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहतो.
सहजसाठी त्याच्याकडे रकाना नाही.

मडावी बस्ता आणतात. लाल खारव्याची गाठ
नखांनी सुटत नाही, दातांनी सुटते.
मौजा बोरखिंडी, तहसील उमरेड,
जुन्या बंदोबस्ताची मिसल.
पानाच्या कडेने वाळवीने काढलेली एक नदी,
तिच्या अलीकडे आमचं शेत.

घरची गोष्ट अशी:
कवडू झाडे एक कुऱ्हाड, दोन बैल
आणि उसनं बियाणं घेऊन
मोहा-साजाच्या रानात शिरला.
त्याच्या आधी तिथे फक्त वाघ.
बाबा इथे वाघाचा आवाज काढत.
दरवर्षी तो वाघ थोडा मोठा होई.

मिसलीत वाघ नाही.
कवडू वल्द फागो,
नवतोड, साडेसात एकर,
तीन साल माफ, पुढे लगान.
एवढंच.
नवतोड. मी तीनदा वाचते.
नवं काय आणि तोड कशाची,
दोन्ही एका शब्दात बसवून
लिहिणाऱ्याने टाक पुसला असेल
आणि जेवायला गेला असेल.

मग कोतवाल बुक, तो जिथून निघाला त्या गावाचं.
फागोच्या घरी: मुलगा, सहा दिवस, ताप.
पुढल्या साली: मुलगा, नाव नाही, ताप.
त्यानंतर: मुलगा, कवडू.

म्हणजे विकला होता त्याला. एका कवडीला, शेजारणीला,
यमाला वाटावं, हा या घरचा नाहीच.
आणि आम्ही भावंडं
लग्नाच्या पंगतीत हसायचो त्या नावाला.

त्याच्या आईची नोंद: फागोची बायको.
मरणाच्या ओळीतसुद्धा.

मिसलीचं पान मी परत उलटते.
मागे शाई फिकी, मला लागत नाही.
मडावी चष्मा कपाळावर चढवून,
पान डोळ्यांशी नेऊन वाचतात:
"सदर जमीन, पूर्वी कब्जा
सोमा वल्द इरपा, कौम गोंड.
फरार."

बोट तिथेच राहतं.
"फरार म्हंजे चोर नाही जी," ते म्हणतात.
"लगान बसला का लोक वर जात, पहाडाकडं.
लिहिणारा खालीच राहे."
मग हात झटकून,
"चहा सांगू का? कँटीनचा बरा नाही,
बाहेरचा सांगतो."

तुमचं गाव कोणतं, हे मी विचारत नाही.
ग्लास संपेपर्यंत तीनदा ओठांवर येतं.
ते बस्ता बांधतात, तीच गाठ,
साजाच्या सालीसारखा खरखरीत खारवा.

संध्याकाळी बाबांचा फोन येईल.
वाघाचं काय झालं, विचारतील.

नकलेच्या अर्जात लिहिते: पान एकशे चौदा.
"एकच बाजू ना?" खिडकीतला विचारतो,
त्याचं पेन आधीच पुढच्या अर्जावर.
पाठपोट, मी म्हणते.
पैसे दुप्पट पडतील, तो म्हणतो,
आणि मंगळवारी या.