जुनी क्रीडाखोली

सातपूरच्या शाळेत समुपदेशनाला मिळाली ती
जुनी क्रीडाखोली.
अजून मॅटचा वास येतो.
कोपऱ्यात एक बॅट, कुणी नेलीच नाही.

नववी ‘ब’मधला हर्षल गांगुर्डे
मधल्या सुट्टीत येतो, बोलत नाही.
बॅटच्या मुठीचं रबर सोलत बसतो.
घंटा झाली की म्हणतो, “उद्या येऊ?”

आज कंपन्यांचा भोंगा होऊन गेल्यावर
खैरनार सर डोकावले.
“छत्री राहिली का माझी इथे?”
छत्री त्यांच्या हातातच होती.

बसले.
बावीस वर्षं गणित,
पण हल्ली फळ्याकडे वळलं की हात थरथरतो, म्हणाले,
आणि गप्प.
त्यांचंही बोट गेलं
रबराच्या त्याच सुटलेल्या टोकाकडे.

मी पंखा एकवर आणला.
फार आवाज करतो तो.