मिरीच्या नावानं

संकेश्वरच्या मिरची बाजारात आज सहाशे चाळीस डाग आले.
मी डाग मोजतो, पावत्या फाडतो,
आणि शिंकतो.
एकवीस वर्षं झाली.

शाळा सुटली की वैजयंता डबा घेऊन येते,
पोत्यावर बसून इतिहास वाचते.
उद्या चाचणी: सागरी मार्गांचा शोध, पाच मार्क.
नकाशात निळ्यावरून बाण गेलेत, आफ्रिकेला वळसा घालून.
"एवढ्या लांब कशाला आले हे?"
"मिरीला," मी म्हणालो. काट्यावरची नजर काढली नाही.

काळी, सुरकुतलेली, वाटाण्याहून बारीक.
तिच्यापायी माणसं वर्ष-वर्ष पाण्यावर राहिली,
हिरड्या सुजल्या, दात हातात आले,
मेलेल्याला गोणपाटात शिवून खाली सोडलं.
पुस्तकात याला साहस म्हटलंय.
गोणपाटाचा उल्लेख नाही.

मिरी घेऊन गेले,
आणि कुठल्याशा खलाशाच्या थैलीतलं हे लाल बी
इथंच राहिलं.
घाट चढलं बैलांच्या पाठीवरून,
हिरण्यकेशीकाठच्या काळ्या रानात असं रुजलं
की आज त्याला परकं म्हणा,
शिवगोंडा मगदूम अंगावर धावून येतील.

नाव तेवढं तिचं नाही.
मराठीत मिरी, म्हणून मिरची.
कन्नडात मेणसु, म्हणून मेणसिनकाई.
पाटीवरच्या अक्षरांसाठी जिथं दगड उडाले
त्या आमच्या पट्ट्यात
एवढ्या एका गोष्टीवर दोन्ही भाषांचं
कुणी न सांगता जमलं:
शोधत होते त्याचं नाव, मिळालं त्याला.

"आणि लिलाव?"
"फिरंग्यांचा शब्द. पगारसुद्धा. तुरुंगसुद्धा."
"हमाल?"
"तो अरबांचा. ते आधीच येऊन गेले होते."
पलीकडं पोतं उतरवता उतरवता
बसाप्पा म्हणाला, "मग आमचं काय हो, दिवाणजी?"
मी पावती फाडली.

शेडमागं बायका देठ खुडतात.
बोटं पेटलेली, रात्री ताकात बुडवून ठेवतात.
सिद्धव्वा तान्ह्याला पाजायला बसते
तेव्हा पदर सासू सारते.
हे पाच मार्कांत बसत नाही.

एकदा मालाच्या ट्रकबरोबर वेंगुर्ल्याला गेलो,
वलंदेजांची वखार पाहिली.
छप्पर नाही, भिंतीतून मुळं,
आत एक शेळी.
वाटलं होतं राग येईल.
आला नाही.
सवयीनं दरवाजाची रुंदी तेवढी मोजली:
एका वेळी दोन पोती जातील, तिरकी धरली तर तीन.
मग समुद्राकडं पाहिलं.
तो काही विकत नव्हता.

साडेपाचला बोली उठली.
आजचा भाव फोनवरून आला,
कुठून ते विचारायची आपल्यात रीत नाही.

वैजयंता म्हणाली, "बाबा, बाण किनाऱ्यावरच थांबलाय."
आणि लाल पेन घेऊन
तिनं तो पुढं ओढला: आंबोली, आजरा, गडहिंग्लज,
थेट आपल्या शेडपर्यंत,
जिथं नकाशात साधा ठिपकाही नाही.
"मास्तर मार्क कापतील."
"कापू देत."

आणि जोरात शिंकली,
सगळ्या हिंदी महासागरावर.